हिरवाई पार्कची राखण

माझा बाप अनवाणी पायांनी एका रिकाम्या माळाला फेरा घालतो आहे... कार्तिकातलं कोवळं ऊन, तारेकडेच्या गवतावरचं दव अजून उडालेलं नाही, धोतर पोटऱ्यांपर्यंत ओलं झालेलं, आणि उजव्या मुठीत ज्वारी. प्रत्येक कोपऱ्याशी तो थांबतो, वाकतो, थोडे दाणे मातीवर ठेवतो, ओठांतल्या ओठांत देवाला काही सांगतो आणि पुन्हा चालू लागतो. मागून मी, त्याच्या ओल्या पावलांवर पाऊल ठेवत. त्याची ढांग मोठी, म्हणून मला उड्या माराव्या लागत. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाची पाठच ते सांगत असे.

याला आमच्यात राखण घेणं म्हणत. आम्ही पारधी. शिकार कायद्याने बंद झाल्यावर फासे आढ्याला लटकले आणि आमची माणसं शेतांच्या राखणीला जाऊ लागली. शेतकऱ्यांचा तर्क सरळ होता : पारधी चोर असतो अशी त्यांची खात्रीच असल्यामुळे एकाला कामावर ठेवलं की बाकीच्यांचा बंदोबस्त आपोआप होतो. बाला हा तर्क ठाऊक होता आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. त्याच्या लेखी गोष्ट वेगळीच होती. एकदा फेरा घातला की आतलं गवताचं पातंही आपलं नाही, आणि आतलं काही गेलं तर ते आपल्या अंगावर. ही बांधिलकी मनात आलं म्हणून सोडताही येत नसे. ज्याने राखण दिली त्याला समोर उभं करायचं, उलटा फेरा घालायचा, शेवटच्या कोपऱ्यातली चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवायची, मग सुटका. जुन्या शेतकऱ्यांना हे माहीत होतं. हंगाम संपला की ते बांधावर हात पुढे करून उभे राहत. जरासे हसत, पण उभे राहत.

आमची वस्ती जालन्याच्या एका टोकाला होती, कुंडलिका नदीच्या अंगाला, जिथे शहर संपतं असं शहराला वाटत असे. आम्ही तिला वाडा म्हणत असू, मस्तगडातले दुकानदार पारधीवाडा म्हणत, आणि नगरपालिकेच्या कागदांत ती अतिक्रमण होती. पणजोबांच्या काळापासून आम्ही ते करत होतो. आमच्याआधी तिथे फक्त बाभळी होत्या आणि त्यांनी कुठे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड... हिवाळ्यात जिनिंगच्या बाजूने सरकीचा तेलकट, ऊबदार वास येई आणि चुलींच्या धुरात मिसळून जाई. संध्याकाळी लोखंडाच्या कारखान्यांवरचं आभाळ तांबूस व्हायचं. मला कितीतरी वर्षं तोच सूर्यास्त वाटत होता. घरात उंचावर, कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी देवाची पेटी. तिला बायकांनी शिवायचं नाही, म्हणून ती पुसायची बाने. आणि तो ती इतकी वाईट पुसायचा, की आई खालून बोटाने राहिलेली धूळ दाखवत असे. दाराशी पिंजऱ्यात एक म्हातारा तितर. फाशांच्या दिवसांत तो रानातल्या तितरांना साद घालून बोलवायचा. काम सुटलं तरी त्याची सवय सुटली नाही. पहाटे तो ओरडला की पलीकडच्या माळावरून रानातला एखादा उत्तर द्यायचा. त्या दोन आवाजांच्या मध्ये मी जागी होत असे.

आमच्याबद्दल शहराला सगळं माहीत होतं. कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी थेट आमच्याकडे यायची. तपासाची ही पद्धत वेळ वाचवणारी होती. माणसं नेली जात, काही दिवसांनी परत येत. बा परत आला की आई तेलात हळद टाकून ते गरम करायला ठेवत असे. अजूनही कुणाच्या स्वयंपाकघरातून हळद पोळल्याचा वास आला की माझी पाठ ताठ होते. शाळेत मी बाक बदलला की आजूबाजूच्या कंपासपेट्या टिक् करून बंद होत. तो आवाज मी विसरलेले नाही. पुढे शिकले, शिक्षिका झाले, बऱ्या घरांत जाऊ लागले, आणि तिथे तोच आवाज पर्सच्या चेनमधून ऐकू आला.

पलीकडचा तो माळ अण्णासाहेबांनी घेतला. अण्णासाहेब प्लॉट पाडून विकणारे. पांढरे कपडे, मऊ आवाज, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. माळावर आधी चुन्याच्या रेघा आल्या, मग सिमेंटचे खांब, मग तार, आणि घर एकही नसताना एक भलीमोठी कमान. कमानीवर नाव होतं ‘हिरवाई पार्क’. त्यासाठी माळावरची होती नव्हती ती हिरवाई आधी काढून टाकलेली होती. रानातले तितर कुठे गेले कुणास ठाऊक. आमचा म्हातारा पहाटे ओरडतच राहिला... उत्तर यायचं थांबलं.

खांब आणि सळया सांभाळायला अण्णासाहेबांना माणूस हवा होता. त्यांनी बाला बोलावलं. सुरुवातीला सांगितला तो फेरा याच माळाचा. बा ज्वारीचे दाणे ठेवत फिरत होता तेव्हा अण्णासाहेब जीपला टेकून फोनवर बोलत होते. तो मोजणी करतो आहे, असंच त्यांना वाटलं असावं.

घरं उठली, माणसं राहायला आली. वाईट माणसं नव्हती. सकाळी फिरायला निघत, आमच्या वस्तीपाशी आली की नाकाला रुमाल लावत आणि बाला मात्र आवर्जून नमस्कार करत. “फुलचंद, तू आहेस म्हणून झोप लागते बघ,” असं एक निवृत्त गृहस्थ रोज म्हणायचे. त्यांच्याकडचं काहीही चोरीला जात नसे. त्यांच्या मते हे बामुळे होत होतं, आणि बा नसता तर आमच्यामुळे काय झालं असतं याची त्यांना स्पष्ट कल्पना होती. याच गृहस्थांच्या पुढाकाराने वस्ती हटवण्याचा अर्ज गेला. न झालेल्या चोऱ्यांची त्यात सविस्तर तक्रार होती, असं नंतर कळलं. गॅलरीतून समोर काय दिसावं याबद्दलही काहीतरी होतं.

नोटीस आली. वस्तीने मोंढ्याजवळचे एक वकील गाठले. त्यांनी सांगितलं, मंगळवारी कोर्टातून स्टे मिळेल, तोवर कसंही करून थांबवा. आणि त्याआधीच्या रविवारी सकाळी पिवळं जेसीबी आलं... आमच्यासमोरून डुलत डुलत गेलं, कमानीखालून आत शिरलं आणि पहिल्या मोकळ्या प्लॉटवर उभं राहिलं. ड्रायव्हर चावी घेऊन निघून गेला. सोमवारी सकाळी काम सुरू व्हायचं होतं.

दुपारी बाच्या चुलतभावाने, रंगूकाकाने, त्याला तारेपाशी गाठलं. मागे वस्तीतली माणसं. रंगूकाका वस्तीतला सगळ्यात हसरा माणूस. पोलीस घेऊन जात तेव्हाही तो गाडीत पुढची सीट मागायचा. त्या दिवशी त्याच्या हातात वाळूने भरलेला तेलाचा डबा होता.

“फुलचंद, बाजूला हो जरा. मूठभर वाळू टाकून येतो टाकीत. मशीन काय मरत न्हाई. दोन दिवस बंद पडलं की झालं आपलं काम.”

“राखण माझ्यावर हाय, रंग्या.”

“कुणाची राखण? तुझंच घर पाडाया आलंय ते.”

“घर तारंच्या भाईर हाय. मशीन आत हाय.”

माणसांतलं कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. रंगूकाका म्हणाला, “मंग परत दे राखण. घाल उलटा फेरा, आत्ताच्या आत्ता. आम्ही थांबतो.”

“घेणारा समोर लागतो. तुला म्हाईत हाय.”

“जल्दी घेऊन ये मंग त्याला.”

इतकी माणसं होती, बा एकटा. त्याला उचलून बाजूला ठेवणं अवघड नव्हतं. पण राखणीवर उभ्या असलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हाही आमचाच नियम. रंगूकाका तो मानत होता, म्हणून तर विचारत उभा होता. तासभर राखण धरायला बाने माझ्या आईला तारेपाशी उभं केलं आणि मला बरोबर घेऊन तो अण्णासाहेबांच्या बंगल्याकडे निघाला. उन्हात भराभर चालला. रस्त्यात एकदाही त्याने मागे पाहिलं नाही.

बंगल्यात पाहुणे होते. आतून पुरणाचा आणि तळणीचा वास येत होता, चमचे वाजत होते. बराच वेळ आम्ही पायऱ्यांवर बसलो. अण्णासाहेब हात पुसत बाहेर आले.

“काय फुलचंद, आज इकडे कुठे?”

“राखण परत द्यायला आल्तो, साहेब.”

“म्हणजे? काम सोडतोस की काय?”

“तुमी माळावर चला. एक फेरा घालतो, माती तुमच्या हातावर ठेवतो, मंग मी मोकळा. लई वेळ न्हाई लागायचा.”

अण्णासाहेब हसले. “पगार कमी पडतो का? तसं सरळ सांग ना. एवढं कशाला?”

“पगाराचं न्हाई. आज मोकळं करा.”

“अरे, उद्या येतोच आहे मी सकाळी. उद्या बघू सगळं.”

“उद्याच्याला उशीर व्हईल.”

“कशाला उशीर होईल?”

बाने सांगितलं असतं तर रंगूकाकाचा डबा उघडा पडला असता. न सांगितल्यावर अण्णासाहेबांना समोर एक हट्टी म्हातारा होत चाललेला चौकीदार दिसत होता, इतकंच. “लहान मुलीला उन्हात हिंडवू नकोस,” असं ते मायेने म्हणाले आणि आत गेले. दार लोटल्यावरही तळणीचा वास बराच वेळ पायऱ्यांवर रेंगाळत होता.

परत आलो तेव्हा माणसं तशीच उभी होती. बाने आईला बाजूला केलं आणि तिच्या जागी उभा राहिला.

रंगूकाकाने विचारलं, “त्या माणसाला तुझा फेरा म्हाईत तरी हाय का?”

“त्याला न्हाई. देवाला हाय.”

“देवाला घर लागत न्हाई, फुलचंद. लेकरांला लागतं.”

मग त्याने डबा उलटा केला. वाळू बाच्या पायांवर पडली, बोटांच्या फटींतून खाली घसरली. माणसं एकेक करून वळली. बा संध्याकाळपर्यंत त्या वाळूत उभा होता आणि समोर, तारेच्या बाहेर, आई घरातली भांडी पोत्यात भरत होती.

सोमवारी पहिलं घर रंगूकाकाचं पडलं. ते कमानीला सगळ्यात जवळ होतं. मातीची भिंत पडताना फारसा आवाज करत नाही... बसल्यासारखी होते. मग आतून वर्षानुवर्षांचा धूर बाहेर येतो, जुना, थंड, भाकरीचा आणि मिरचीचा वास असलेला. आमच्या घराच्या वेळी बाने देवाची पेटी डोक्यावर घेतली होती. पिंजरा माझ्या हातात होता आणि त्यातला म्हातारा एवढ्या गोंगाटात चकार शब्द बोलत नव्हता.

सगळं सपाट झाल्यावर अण्णासाहेब आले. बाने त्यांना माळावर थांबायला सांगितलं, उलटा फेरा घातला, शेवटच्या कोपऱ्यातली माती आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. अण्णासाहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग हात झटकला आणि रुमाल काढून अंगठ्यांच्या खाचा पुसल्या.

मंगळवारी वकील म्हणाले, आता स्टे कशावर मागायचा? रविवारची वाळू टाकीत पडली असती तर तो मिळाला असता का, मला आजही सांगता येत नाही. वकील खोटं बोलत असतील, कोर्टाने नकार दिला असता, दुसरं जेसीबी आलं असतं. हे सगळं मी बाला कितीदा तरी ऐकवलेलं आहे. तो मान डोलावतो.

राजूर रस्त्याच्या बाजूला, शहरापासून लांब, मुरमाड माळावर आम्हाला जागा दिली. तिथे बा पुन्हा माणसांत बसू लागला होता, निदान त्याच्याकडे पाठ करून कुणी बसत नव्हतं. तेवढ्यात हिरवाई पार्कची जीप त्याला न्यायला आली. राखणीचं काही बाकी राहिलं असेल असं समजून तो गेला. तिथे मंडप होता, आमच्या घरांच्या जागेवर हिरवळ लावून बाग केली होती, आणि तिच्या उद्घाटनात एक कलम बाच्या सत्काराचं होतं. त्या रविवारी ‘काही समाजकंटकांना’ त्याने एकट्याने रोखलं, ही बातमी अण्णासाहेबांना कशी कोण जाणे कळली होती. प्रमुख पाहुणे म्हणाले की अशा समाजातही असे हिरे सापडतात. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा म्हटलं. टाळ्या वाजल्या. बाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, फोटो निघाला. काय झालं ते त्याला समजायच्या आत जीपने त्याला परत आणून सोडलं होतं.

फोटो वर्तमानपत्रात आला. रंगूकाकाने तो पंचांसमोर ठेवला. मशीन राखलं, त्याबद्दल पंच बाला काही बोलले नाहीत. तो नियम त्यांचाही होता. शालीला तो नियम लागत नव्हता. पंचांनी सांगितलं, ज्यानं घरं पाडणाऱ्याची शाल घेतली त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं न्हाई. ज्याचं घर पहिलं पडलं, तो रंगनाथ ज्या दिवशी फुलचंदच्या दारात पाणी पिईल, त्या दिवशी हे मिटलं.

शाल थंडीत शेळीला पांघरली जायची. गुणी शाल होती, टिकली बरीच.

त्या दिवसापासून आई रोज सकाळी माठ घासायची, भरायची, दाराच्या बाहेर सावलीत ठेवायची आणि वर तांब्या पालथा घालायची. मुरमाडावर ऊन असं पडे की दगडांनाही वास यायचा. हापशावरून येणारी-जाणारी माणसं आमच्या दारावरूनच जात; बायका आईशी बोलत, हसत, उन्हाला शिव्या देत, पण माठाकडे पाहत नसत. संध्याकाळी बा ते पाणी शेवग्याच्या मुळाशी ओतत असे. आमचा शेवगा वस्तीत सगळ्यात उंच झाला.

रंगूकाका रोज जायचा. पुढे त्याला दम लागू लागला, तेव्हा तो आमच्या दारासमोरच्या दगडावर टेकायचा. ओठ कोरडे, छाती भात्यासारखी. आई तांब्या भरून उंबऱ्यात उभी राहायची. तो तिच्याकडे पाहायचा, आणि एखादे वेळी जुनं हसू ओठांवर यायचं.

“ऱ्हाऊ दे वैनी. तहान न्हाई.”

बा आत, भिंतीला टेकून, हे ऐकत असे. एकदा मी चिडून म्हटलं की बाहेर जाऊन त्याचे पाय धर. बा म्हणाला, “पाय धरले तर पिईल तो. मंग ते माझं पाणी झालं का?”

रंगूकाका एका वैशाखात गेला, त्या दगडावर नाही, आपल्या घरी, खाटेवर. मातीला बा गेला होता. लांब उभा राहिला, शेवटी आपली मूठ टाकून आला. घरी येऊन त्याने आईला माठ आत घ्यायला सांगितलं. त्यानंतर काही वर्षांनी आईही गेली.

आता मी आष्टीच्या बाजूला शाळेत शिकवते आणि शनिवारी दुपारी बाकडे येते. हिरवाई पार्कमधली घरं आता जुनी म्हणून विकायला निघाली आहेत. शहर राजूर रस्त्याने आमच्यापर्यंत येऊन पोचलं आहे, आणि वस्तीसमोरच्या माळावर परवा पुन्हा चुन्याच्या रेघा पडल्या. कमान येईलच. बाने त्या रेघा पाहिल्या, आत येऊन पंखा लावला.

मागच्या शनिवारी वस्तीतल्या अर्ध्या भागाची लाईट गेली होती. एक कॉलेजातली मुलगी फोन चार्जिंगला लावायला आमच्याकडे आली. प्लगमध्ये वायर खोचली, ऊन लागलं म्हणाली, आणि विचारायच्या आत फ्रिज उघडून बाटली काढली. मान मागे टाकून, वरून धार धरून, गटागट पाणी प्यायली.

बा खाटेवर उठून बसला होता. “कुणाची गं तू?”

“मी पूनम. रंगूबाबाची नात. ओळखलं न्हाई का आजोबा?”

“आणखी पी.”

“बास झालं, पोट फुटंल,” ती हसली. हसण्यात रंगूकाकाच होता. अर्ध्या तासाने येते म्हणून फोन तिथेच ठेवून ती चप्पल वाजवत निघून गेली. पंचांतलं कुणी आता उरलेलं नाही. या पोरांना त्या पाण्याची गोष्ट कुणी सांगितलेली नाही. न सांगता ती आपोआप मिटून गेली आहे, आणि ज्याच्या पिण्याने ती मिटायची होती तो प्यायलेला नाही.

मी बाकडे पाहिलं. तो रिकाम्या बाटलीकडे पाहत होता.

“तिला सांगू नको काही,” तो म्हणाला.

मग हळूहळू उठला, बाटली भरली, आणि फ्रिजच्या दारात पुढेच ठेवली, उघडल्या उघडल्या हाताला लागेल अशी.